वेळेआधीची बातमी

नागपुरात टाकळी म्हटलं की आज लोकांना पोलीस लाईन आठवते. शहराच्या इतिहासात मात्र या टाकळीची दोन वेगळीच टिपणं आहेत. पहिलं 1851 चं. त्या वर्षी स्कॉटलंडचे दोन मिशनरी, स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर, टाकळीकडे फिरत असताना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये दबलेला मातीचा एक पातळ पट्टा त्यांच्या नजरेला पडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते. म्हणजे लाव्हाचा एक लोंढा थंड झाला, त्यावर तळी साचली, त्यात जीव वाढले, आणि मग दुसरा लोंढा आला. दुसरं टिपण 1857 चं, ते खोगिरांचं. त्याकडे येतेच.

मी नागपूरची ख्रिस्ती बाई. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, आणि आता आमच्या मंडळीच्या पास्टोरेट कमिटीवर बसते. कमिटीवर बसल्यापासून मला हिस्लॉप फार आठवू लागले, याचं कारण सांगण्यासारखं आहे. चर्चच्या छताला गळती लागते, तेव्हा ती सर्वांत आधी कुणाला दिसते? मागच्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्या बायांना. त्या कुणाला सांगत नाहीत, सरकून बसतात. पुढच्या वर्षी आणखी सरकतात. कमिटीच्या अजेंड्यावर गळती येते तेव्हा प्लास्टर पडलेलं असतं आणि खर्च चौपट झालेला असतो. हे मी एकाच चर्चमध्ये पाहिलं असं नाही, आणि फक्त छताच्याच बाबतीत पाहिलं असंही नाही. पैशांचा हिशेब असो, दोन भावकींतली तेढ असो की पाळकांची ढासळती तब्येत असो, खाली सगळ्यांना ठाऊक असतं आणि वर कुणालाच नसतं.

माझी आजी म्यूर हॉस्पिटलात नर्स होती. नव्या पोरींना ती वॉर्डात फिरवत सांगायची, "जो बोंबलते त्याची फिकर नाई. गप पडून राह्यते त्याले पयले पाह्य." आजीला पुढारपण वगैरे शब्द कधी लागले नाहीत.

हिस्लॉपांच्या आधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण नागपूर मिशनची सुरुवातच एका न पाहिलेल्या संकटातून झाली. जबलपूरला डोनाल्ड मॅक्लाउड नावाचे इंग्रज अधिकारी होते. माणूस सज्जन आणि भाविक. गोंडांमध्ये ख्रिस्ती वसाहत उभी राहावी असं त्यांच्या मनात आलं. बर्लिनचे पाळक गॉसनर यांनी लोएश यांच्या पुढारपणाखाली जर्मन कारागिरांची एक तुकडी पाठवली. हे लोक हातानं काम करून, शेती करून राहणार होते. अमरकंटकच्या जवळ करंजिया इथं त्यांनी डेरा टाकला. 1842 चा पावसाळा आला आणि पटकीनं त्यांतल्या चौघांना थोड्याच दिवसांत उचललं. उरलेले खचलेल्या अवस्थेत कामठी-नागपूरकडे आले. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण मैकलच्या डोंगरात पावसाळा म्हणजे काय हे तिथल्या कोणत्याही गोंड म्हातारीनं सांगितलं असतं. तिला विचारायला तिची भाषा यावी लागते, आणि त्यांना ती शिकायला वेळच मिळाला नाही. चौघांच्या कबरी करंजियाच्या मातीत राहिल्या.

त्याच सुमारास कामठीच्या छावणीत मद्रास सैन्यातले कॅप्टन विल्यम हिल होते. पत्नीच्या निधनानंतर नागपूरला मिशन सुरू व्हावं म्हणून त्यांनी आपली मोठी रक्कम स्कॉटलंडच्या चर्चकडे देऊ केली. त्या पैशाच्या आधारावर हिस्लॉप नागपूरला आले, फेब्रुवारी 1845 मध्ये. वय सत्तावीस. जन्म 8 सप्टेंबर 1817, गाव स्कॉटलंडमधलं डन्स. तेव्हा नागपूर भोसल्यांचं, गादीवर तिसरे रघूजी. इंग्रज रेसिडेंट सीताबर्डीला आणि इंग्रजी फौज कामठीला. करंजियातून वाचलेल्या जर्मनांपैकी काही जण पुढे या नव्या मिशनच्या कामात मिसळले.

हिस्लॉपांनी इथं काय केलं त्याची यादी मोठी आहे. त्यांनी शाळा काढली, कामठीला तामिळ-तेलुगू शिपायांच्या कुटुंबांसाठी काम केलं, बाजारात आणि जत्रेत उपदेश केला. मला त्या यादीत एवढा रस नाही. मला रस आहे तो त्यांच्या हिवाळ्यांत. पाऊस सरला की ते गावोगाव हिंडायला निघत. मराठी बोलत, गोंडांचे शब्द टिपून घेत, वाटेतला दगड उचलून फोडून पाहत. चांद्याकडे मांगलीच्या दगडात सापडलेली एका प्राचीन उभयचराची कवटी त्यांनी विलायतेला पाठवली, आणि रिचर्ड ओवेन यांनी 1855 मध्ये तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नाव दिलं. टाकळीच्या एका हिरवट कॅल्साइटला हिस्लॉपाइट म्हणतात. गोड्या पाण्यातल्या एका बारीक जीवाच्या वंशाला हिस्लॉपिया हे नाव मिळालं. सगळ्या वस्तू अशा, की घोड्यावरून उतरल्याखेरीज दिसत नाहीत.

आमच्या मंडळीतल्या काही जणांना हे खटकतं. मिशनरी माणसानं दगड का गोळा करावेत? मला उलट वाटतं. बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देण्याची जी सवय शंख शोधताना लागते, तीच माणसांशी वागताना उपयोगी पडते. एका जागी सावध आणि दुसऱ्या जागी बेफिकीर, असं निदान या माणसाचं नव्हतं. निदान बरीच वर्षं नव्हतं.

11 डिसेंबर 1853 ला रघूजी वारले. औरस मुलगा नव्हता. रेसिडेंट मॅन्सेल यांनी कलकत्त्याला कळवलं की भोसल्यांची गादी काही मर्यादित रूपात राखलेली बरी. हा माणूस नागपुरात राहत होता आणि वाड्यातले लोक त्याला ठाऊक होते. गव्हर्नर जनरल डलहौसींनी ऐकलं नाही. 1854 मध्ये राज्य खालसा झालं. वाड्यातलं जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेलं, हत्ती, घोडे, बैल इथं सीताबर्डीलाच मातीमोल भावानं विकले गेले. दुसऱ्या रघूजींची राणी, म्हाताऱ्या बाकाबाई, हे सगळं वाड्यातून पाहत होत्या. मॅन्सेल यांची कारकीर्द लवकरच आटोपली.

मला इथं दर वेळी प्रेषितांच्या कृत्यांतला सत्ताविसावा अध्याय आठवतो. पौल कैदी म्हणून रोमकडे चाललेला. क्रेत बेटाच्या एका बंदराशी तो सांगतो, ऋतू सरला आहे, आता निघाल तर गलबत आणि जीव दोन्ही धोक्यात येतील. शताधिपती तांडेलाचं आणि गलबताच्या मालकाचं ऐकतो. का ऐकू नये? ते दर्यावर्दी, हा तंबू शिवणारा, तोही बेड्यांत. बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचं, बहुमत निघण्याच्या बाजूनं. त्यात दक्षिणेचा मंद वारा सुटतो आणि सगळ्यांना वाटतं, बघा, जमलंच. मग वादळ. आमचे पाळक या अध्यायावर उपदेश करतात तेव्हा वादळावर आणि सुटकेवर बोलतात. गलबतावरचे 276 जण वाचले त्याचं मोठं वर्णन होतं. त्या मंद वाऱ्यावर कुणी बोलत नाही. डलहौसींनाही नागपूर खालसा करताना मंद वाराच लाभला होता. कुठं गोळी चालली नाही.

मग 13 जून 1857. मीरतच्या उठावाची बातमी येऊन महिना झालेला. टाकळीला अनियमित घोडदळाच्या लाइनी होत्या. घोडदळातले काही लोक आणि शहरातले काही जण यांचा बेत ठरला होता. मध्यरात्री शहरातून आगीचे फुगे आकाशात सोडायचे, तीच उठावाची खूण. वेळेच्या काही तास आधी टाकळीला घोड्यांवर खोगिरं चढत असल्याचं लक्षात आलं. दफेदार दिलदार खान पायदळाला सामील करून घ्यायला गेला, तो तिथंच पकडला गेला. डेप्युटी कमिशनर एलिस आणि कमिशनर प्लाउडन यांनी युरोपियन कुटुंबांना सीताबर्डीच्या टेकडीवर हलवलं, कामठीहून मद्रासी फौज आणली. फुगे उडाले नाहीत. बाकाबाईंनी आपल्या माणसांना दटावून शांत ठेवलं.

सरकारी इतिहास एवढंच सांगतो. मिशनच्या परंपरेत याला एक जोड आहे. हिस्लॉपांच्या ओळखीच्या एका मुसलमान गृहस्थानं त्यांना बेताची कल्पना आधीच दिली, आणि हिस्लॉपांनी ती अधिकाऱ्यांपर्यंत पोचवली. जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेल्या 1888 च्या चरित्रापासून नागपूरच्या ख्रिस्ती घरांत ही गोष्ट चालत आली आहे. लहानपणी मी ती देवाच्या कृपेची गोष्ट म्हणून ऐकली.

शिक्षिका झाल्यावर ती तशी सांगवेना. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातून 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला लोकांना आत सोडतात. मी मुलांना घेऊन जात असे. वर उठावातल्या लोकांच्या कबरी आहेत. इनायतुल्ला खान, विलायत खान, नवाब कादर अली यांना इथंच फासावर दिलं गेलं. एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, खबर देणारा चांगला की वाईट?" तिच्या पुस्तकात हे लोक स्वातंत्र्यवीर होते, आणि पुस्तक बरोबरच होतं. माझ्या घरात खबर देणारा देवमाणूस होता. मी तिला म्हणाले, टेकडीवर बायका-पोरं होती, त्यांचा जीव वाचला हे चांगलं झालं. आणि ज्यांना फाशी झाली त्यांचा राग खरा होता. ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही?" मी हो म्हणाले. तिचं समाधान झालं नाही. माझंही आजवर पुरतं झालेलं नाही, आणि ख्रिस्ती म्हणून मला ते लपवायचंही नाही.

पण प्रश्न जरा बाजूला ठेवून पाहिलं तर एक गोष्ट उरते. त्या गृहस्थाला कमिशनरच्या बंगल्यावर जावंसं वाटलं नाही. तो गेला पाद्रीकडे. या पाद्रीच्या हातात ना फौज, ना खजिना, ना तुरुंग. शिवाय तो दुसऱ्या धर्माचा, आणि त्या गृहस्थाच्या धर्माविरुद्ध बाजारात उभं राहून बोलणारा. तरी गेला. बारा वर्षं हा पाद्री याच गल्ल्यांतून पायी फिरला, याच भाषेत भांडला आणि याच लोकांच्या अंगणात बसला, एवढंच त्याचं भांडवल. वाईट बातमी आपल्यापर्यंत येऊ द्यायची तर लोकांना आपल्याकडे येण्याची भीती वाटता कामा नये. आमच्या कमिटीत कुणी तक्रार केली की पहिला प्रश्न येतो, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" पुढच्या वेळी मग कोणीच सांगत नाही.

आरंभीच्या यरुशलेमच्या मंडळीचं पाहा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नाच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर उठली. बारा प्रेषितांनी ही कुरकुर कुणी पसरवली याचा तपास केला नाही. त्यांनी सभा बोलावली, सात जण निवडायला सांगितले, आणि काम त्यांच्यावर सोपवलं. निवडलेल्यांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार, वाटप त्यांच्याच हाती. प्रेषितांच्या कृत्यांतल्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या सहा-सात ओव्यांत विषय संपतो. आमच्याकडे एवढ्यात उपसमितीही बसत नाही.

हिस्लॉपांबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो 1857 नंतरच्या काळामुळे. टेकडीवरचे लोक वाचले, सरकार त्यांचं ऋणी होतं. गप्प बसले असते तर मानमरातब मिळाला असता. 1858 मध्ये ते मायदेशी गेले, 1860 मध्ये परतले, आणि नागपूरच्या इंग्रजी कारभारावरच लिहू लागले. जॉर्ज स्मिथ, तेच पुढचे चरित्रकार, तेव्हा फ्रेंड ऑफ इंडियाचे संपादक होते. हिस्लॉपांची पत्रं त्या वर्तमानपत्राकडे जात. इथला कारभार ढिला आहे, रयतेची दाद लागत नाही, हा त्यांचा सूर होता. उठाव मोडला म्हणजे त्याची कारणं मोडली असं त्यांनी मानलं नाही. 1861 मध्ये नागपूर आणि सागर-नर्मदेचा मुलूख एक करून मध्य प्रांत तयार झाला. एका पाद्रीच्या पत्रांनी प्रांत घडला असं मी म्हणणार नाही, त्यामागे कलकत्त्याची स्वतःची गणितं होती. पण त्या बदलामागच्या आवाजांत हा एक आवाज होता. साहेबांना साहेबांची चूक छापून सांगणारे सीताबर्डीला तेव्हा फार नव्हते.

यहेज्केल संदेष्ट्याला देवानं पहारेकऱ्याचं काम दिलं, त्यात पहारा फक्त बाहेरच्या शत्रूवर नव्हता. आपल्याच लोकांना त्यांची वाट चुकली हे सांगणं होतं, आणि ते काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड.

1862 मध्ये रिचर्ड टेम्पल चीफ कमिशनर होऊन आले. उत्साही, धावपळ करणारे, सगळं स्वतः पाहणारे. हिस्लॉपांशी त्यांचं जमलं. नागपूरच्या दक्षिणेला, आजच्या बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाट आहे, तिथं प्राचीन लोकांची दगडी वर्तुळं. शंभर वर्षांनंतर नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी तिथं आणि शेजारच्या खापा इथं रीतसर उत्खनन केलं. 4 सप्टेंबर 1863 ला टेम्पल यांच्या मंडळींबरोबर हिस्लॉप तिथं गेले होते. काम झाल्यावर बाकीचे बोरीच्या मुक्कामाकडे परतले. हिस्लॉप मागे राहिले, गावची शाळा पाहायला. संध्याकाळी एकटे घोड्यावर निघाले. पावसानं नाला फुगला होता. मुक्कामावर त्यांचा घोडा पोचला, वर स्वार नव्हता. शोधाशोध झाली आणि नाल्यात मृतदेह सापडला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

इतके पावसाळे या मुलखात काढलेल्या माणसाला सप्टेंबरातला नाला काय असतो हे ठाऊक नसेल असं नाही. सकाळी जिथून गेलो तिथूनच परतू, असं वाटलं असेल. आपल्या सगळ्यांनाच वाटतं. आमच्याकडे त्यांच्या मरणावर उपदेशात पुष्कळ गोड बोलतात, सेवकाला कामातच बोलावणं आलं वगैरे. मला ते पटत नाही. थांबायला हवं होतं. कुणीतरी बरोबर असायला हवं होतं. सगळ्यांचं ऐकणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी "आता जाऊ नका" म्हणणारा जवळ नव्हता, आणि चांगल्या पाळकांच्या बाबतीत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मंडळीची नाडी बघतात, स्वतःचा बीपी बघत नाहीत. आम्हीही विचारत नाही.

हिस्लॉप गेले तेव्हा गोंडांवरचे त्यांचे कागद हस्तलिखितातच होते. शब्दांच्या याद्या, चालीरीतींच्या नोंदी, प्रधान जमातीच्या एका गायकाकडून ऐकून उतरवलेलं, गोंडांच्या कथांमधल्या लिंगोचं लांबलचक गोंडी गाणं. दुसरा कुणी असता तर ती पेटी मिशनच्या माळ्यावर गेली असती. टेम्पल यांनी प्रांताचा सगळा व्याप सांभाळत ते कागद लावले, टिपा घातल्या, आणि 1866 मध्ये छापले. शीर्षकातच नमूद केलं की हे दिवंगत रेव्हरंड हिस्लॉप यांच्या हस्तलिखितांतून आहे. पुढे 1883 मध्ये हिस्लॉपांच्या नावानं कॉलेज उभं राहिलं. ते आज सिव्हिल लाइन्समध्ये टेम्पल रोडवर आहे. मी तिथंच शिकले.

लिंगोच्या गाण्याचं टेम्पल यांच्या पुस्तकाहून जुनं छापील रूप माझ्या माहितीत नाही. गेल्या वर्षी आमच्या युवक संघात बालाघाटकडची एक गोंड मुलगी आली, नर्सिंगला शिकते. तिला त्या पानांची झेरॉक्स दिली. तिनं गोंडी भाग मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, चौथ्या-पाचव्या ओळीला थांबली आणि म्हणाली, इथं साहेबांनी चुकीचं ऐकलंय, माझी आई हे वेगळं म्हणते. मी तिच्याकडे पेन्सिल दिली.